होडी पाण्यात लोटण्यापूर्वी



या व्याख्यानमालेत इतिहासावर बोलणारे बहुतेक वक्ते विद्यापीठातून येतात. मी कारखान्यातून आलो आहे. माझे वाचन पाळी संपल्यावर झाले, आणि ज्या प्रश्नांनी मला इतिहासाच्या पुस्तकांकडे ओढत नेले ते प्रश्न मला कामाच्या ठिकाणीच पडले होते. म्हणून आज मी लढाया आणि तह यांच्याविषयी बोलणार नाही. लक्षद्वीपच्या बेटांवर १९६० च्या सुमारास काही लहान एंजिन-होड्या कुपा मासा पकडण्यासाठी प्रथमच खोल समुद्रात निघू लागल्या. निघण्यापूर्वी त्यांची तयारी कशी होई, आणि ती तयारी कोणी शिकवली, एवढाच माझा विषय आहे. विषय लहान वाटेल. पण जुन्या धंद्यात नवे यंत्र येते तेव्हा धंदा जाणणाऱ्या माणसाचे काय होते, हा प्रश्न काही लहान नाही.

या विषयाकडे मी वळलो तो एका म्हाताऱ्या खलाशामुळे. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या कचेरीत एक गृहस्थ आपल्या भविष्य निर्वाह निधीचे कागद घेऊन आले. सारा जन्म व्यापारी जहाजांवर गेलेला. गाव विचारले तर म्हणाले, मिनिकॉय. मुंबईच्या गोदीत ज्यांचा वावर आहे त्यांना हे नाव परके नाही. या एका लहानशा बेटाने जगभरच्या जहाजांना पिढ्यान् पिढ्या खलाशी पुरवले आहेत. मी त्यांना चाचा म्हणू लागलो, ते मला भाई. कागदांचे काम चार-पाच खेपा चालले, तेवढ्यात ओळख वाढली. मला वाटले होते की ते हँबर्ग आणि योकोहामाच्या गोष्टी सांगतील. पण ते रमत ते आपल्या पोरवयातल्या कामात. जहाजावर चढण्यापूर्वी मामाच्या होडीवर त्यांचे काम होते आमिष राखण्याचे. जिवंत, बोटाएवढी मासळी समुद्रात पोचेपर्यंत मरू द्यायची नाही, एवढेच काम. आणि पुढे त्याच मामाला सरकारने दुसऱ्या बेटावर शिकवायला बोलावले होते, हे सांगताना त्यांचा चेहरा खुलत असे.

प्रथम ठिकाण समजून घेऊ. आपला महाराष्ट्राचा किनारा ज्याने पाहिला आहे त्याला ठाऊक आहे की मुंबईसमोरचा समुद्र उथळ आहे. सुमारे तीनशे किलोमीटरपर्यंत तळ हळूहळू उतरत जातो. आपले सातपाटी-वर्सोव्याचे कोळी या उथळ पठारावर डोल जाळी लावून बोंबील, कोळंबी धरीत आले. लक्षद्वीपची गोष्ट उलटी आहे. ही बेटे म्हणजे समुद्रतळावरून उठलेल्या बुडालेल्या डोंगरांच्या माथ्यांवर वाढलेले प्रवाळ. सगळी जमीन एकत्र केली तर ३२ चौरस किलोमीटर, त्यात वस्तीची बेटे १०. बेटाच्या एका अंगाला प्रवाळाच्या बांधाने अडवलेले शांत, उथळ पाणी असते. त्याला लगून म्हणतात. त्या बांधातली खिंड ओलांडली की थोड्याच अंतरावर तळ हजारो फूट खाली जातो. आपल्याकडे खोल समुद्र गाठायला दिवस मोडतो, तिथे तो दाराशी येऊन उभा आहे.

या निळ्या पाण्यात कुप्याचे थवे फिरतात. ट्यूना म्हणून परदेशी बाजारात विकला जातो तोच हा वंश. आपल्या किनाऱ्यावर त्याच्या भाईबंदांना कुपा किंवा गेदर म्हणतात. मिनिकॉयच्या होडीत मुख्यत्वे येतो तो पोटावर काळे पट्टे असलेला लहान कुपा, वजनाने दोन-चार किलोचा, आणि त्याच्या जोडीला पिवळ्या परांच्या जातीची कोवळी पिलावळ. हा मासा सतत पोहत असतो. त्याच्या अंगाची ऊब भोवतालच्या पाण्यापेक्षा जास्त असते, म्हणून पकडल्यावर तो लवकर बिघडतो. बर्फ नसलेल्या काळात यावर एकच उपाय होता: त्याच दिवशी फाडून, मिठाच्या पाण्यात शिजवून, धुरी देऊन, उन्हात लाकडासारखा कडक वाळवायचा. याला मासमीन म्हणतात. आपल्याकडे कष्टकऱ्याच्या भाकरीबरोबर जी जागा सुक्या बोंबलाची, ती तिकडे मासमीनची.

हा धंदा किती जुना? मिनिकॉयची भाषा आणि रीतीभाती दक्षिणेकडच्या मालदीव बेटांशी मिळत्या आहेत, आणि मालदीवविषयी जुने लेख आहेत. इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी चौदाव्या शतकात, १३४३-४४ च्या सुमारास, तिथे काही काळ काझी होता. त्याने या माशाचे, तो शिजवून धुरी देण्याच्या रीतीचे, आणि तो हिंदुस्थान, चीन व येमेनपर्यंत जात असल्याचे वर्णन केले आहे. पुढे १६०२ मध्ये पिरार द लाव्हाल नावाच्या फ्रेंच माणसाचे जहाज तिथे फुटले. पाच वर्षे तो अडकून पडला, आणि त्यानेही तिथल्या मासेमारीबद्दल लिहून ठेवले. म्हणजे निदान साडेसहाशे वर्षे हा माल परदेशच्या बाजारात जात आहे. काझीचे नाव आपल्यापर्यंत आले, फ्रेंच वाटसरूचे आले. ज्या हातांनी तो मासा पकडला आणि वाळवला त्यांतले एकही नाव आले नाही.

आता एक गोष्ट मला पहिल्यांदा वाचली तेव्हा कोड्यासारखी वाटली. कुपा साऱ्या लक्षद्वीपभोवती फिरतो, पण १९६० पूर्वी काठी-दोरीने त्याचे थवेच्या थवे उचलण्याची विद्या एकट्या मिनिकॉयकडे होती. मिनिकॉय आणि बाकीची बेटे यांच्यामध्ये सुमारे दोनशे किलोमीटरची नऊ अंशांची सामुद्रधुनी आहे, आणि भाषाही निराळी. तिकडे मलयाळमची बोली, इकडे महल. पण अंतर आणि भाषा एवढ्याने उत्तर होत नाही. उत्तरेकडच्या बेटांची सारी जिंदगी नारळावर आणि काथ्यावर बांधलेली होती, आणि काथ्यावर राज्यकर्त्यांची मक्तेदारी होती. काण्णूरचे अली राजे असोत, नाहीतर १७९९ नंतर काही बेटांवर आलेली कंपनी असो, काथ्या त्यांनी ठरवलेल्या भावाने घालायचा आणि बदल्यात तांदूळ घ्यायचा, हा शिरस्ता. बायकांनी लगूनमध्ये सोडणे कुजवून वळलेला काथ्या ओडम नावाच्या शिवलेल्या गलबतांतून मलबारला जाई. ही ओडमे ज्यांची, त्या कोयांची सत्ता. मालमी ती हाकणार, आणि मेलाचेरी नारळावर चढणार. मेलाचेरीने स्वतःचे ओडम बाळगायचे नाही, हा रिवाज. ‘माझी बोट’ हे दोन शब्द ज्या समाजात काही कुळांनीच उच्चारायचे, तिथे खोल समुद्राची विद्या सर्वांपर्यंत कशी पोचावी?

मिनिकॉयलाही उच्चनीच होतेच. ते मी झाकून ठेवीत नाही. माणिकफान, ठाकुरफान वरचे, रावेरी खालचे. पण तिथे दहा-अकरा वाड्या आहेत आणि प्रत्येक वाडीचे काम सामाईक. वाडीचा पुढारी बोडुकाका, बायकांची पुढारीण बोडुदत्ता. होडी ओढायची असो, घर शाकारायचे असो, वाडीची माणसे मिळून करतात. मासे पकडण्याची त्यांची रीतही अशीच आहे की एकट्या माणसाला ती करताच येणार नाही.

ती रीत आता सांगतो, कारण तयारी म्हणजे काय हे त्यातच आहे.

मिनिकॉयची जुनी होडी, मास-ओडी, शिडाने व वल्ह्यांनी चाले. मोसम पावसाळा सरल्यावर सुरू होई आणि पुढल्या पावसाळ्याच्या तोंडाशी संपे. मोसमाआधी होडी वाळूवर ओढून सांधे तपासायचे आणि लाकडाला मुशीच्या यकृताचे तेल पाजायचे. इथवर आपल्या कोळ्याला काही नवल वाटणार नाही. नवल पुढे आहे. या होडीच्या मधल्या खणाला मुद्दाम भोके पाडलेली असतात! होडीच्या तळाला भोक म्हणजे मरण, असे आपण समजतो. इथे ती भोके जिवंत आमिषासाठी. समुद्राचे पाणी खालून खणात येते, होडी हलली की बदलत राहते, आणि खणातली पातळी बाहेरच्या समुद्राच्या पातळीशी जुळून थांबते. पुढच्या आणि मागच्या बाजूला भक्कम आडभिंती घालून बाकीची होडी कोरडी राखलेली असते. आमिष नसेल तेव्हा भोकांत लाकडी खुंट्या ठोकायच्या. सारा भरवसा त्या आडभिंतींवर आणि त्या खुंट्यांवर. पहिल्या सफरीपूर्वी तांडेल आधी काय तपासत असेल, हे निराळे सांगायला नको.

दुसरी तयारी आमिषाची. होंडेली, रेही अशा नावांची चिमुकली मासळी लगूनमध्ये, काही वाळूवर तर काही प्रवाळाच्या झुडपांपाशी राहते. पहाटे निघायचे, बारीक विणीचे चौकोनी जाळे चार कोपऱ्यांना काठ्या बांधून तळाशी बसवायचे, कुटलेल्या माशाचा चारा टाकून मासळी वर बोलवायची आणि चौघांनी एका दमात जाळे उचलायचे. एकाचा हात मागे राहिला तर मासळी त्या कोपऱ्यातून निसटते. मग ती होडीच्या खणात सोडायची, पण हाताळायची नाही. खवले दुखावली की मासळी दोन तासांत पांढरी पडून मरते. खणात गर्दी झाली तरी मरते. मेलेली एकेक वेचून काढायची, नाहीतर ती बाकीच्यांना घेऊन जाते. हे चाचांचे काम. त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ असा की, आमिष मेले की होडी रिकामी परत आली असे समजावे, मग बाकीचे वीर कितीही शूर असोत.

तिसरी तयारी काठ्यांची आणि गळांची. काठी बांबूची. तो बेटावर उगवत नाही, मुख्य भूमीवरून आणायचा. दोरी काठीहून किंचित आखूड. गळाला आपल्या गळासारखा उलटा काटा नसतो, आणि त्याची दांडी चकचकीत केलेली असते, पाण्यात ती छोट्या माशासारखी चमकते. काटा नसण्याचे कारण वेगाचे आहे. थवा खायला लागला की हाताशी वेळ मोजका. मासा लागला, हिसका दिला, मासा डोक्यावरून मागे उडाला, दोरी सैल पडताच आपोआप सुटून होडीत पडला, आणि गळ पुन्हा पाण्यात. काटा असता तर प्रत्येक मासा हाताने सोडवावा लागला असता, आणि तोवर थवा निघून गेला असता.

चौथी आणि सर्वांत अवघड तयारी माणसांची. एकाने डोळे आकाशाला लावायचे: जिथे समुद्रपक्षी झुंडीने सूर मारताहेत तिथे खाली कुपा आहे. तांडेलाने होडी थव्याच्या आडवी घालायची, पण अंगावर न्यायची नाही. आमिषवाल्याने मूठ-मूठ जिवंत मासळी फेकायची. कमी फेकली तर थवा थांबत नाही, जास्त फेकली तर पोट भरून निघून जातो. दोघा-तिघांनी लांब दांड्यांच्या पळ्यांनी होडीच्या मागे पाणी उडवत राहायचे, म्हणजे माशाला वाटावे की आमिषाची झुंड पृष्ठभागावर खळबळते आहे, आणि त्याला गळ व दोरी दिसू नये. आणि गळवाल्यांनी पिछाडीच्या फळीवर खांद्याला खांदा लावून उभे राहून काठ्या एकमेकांत न अडकवता चालवायच्या. यातले एकही काम वगळून चालत नाही. पाणी उडवणारा पोरगा थकला तर तरबेज गळवाल्याची काठीही रिकामी राहते. मी तीस वर्षे कामगारांना संघटनेचा अर्थ समजावीत आलो. याहून सोपे उदाहरण मला सापडले नाही.

आता काळ बदलतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ही बेटे केंद्रशासित प्रदेश झाली. कारभाराचे मुख्य ठाणे आधी कोळिकोडला, मग १९६४ मध्ये कवरत्तीला आले. ‘लक्षद्वीप’ हे नाव तर १९७३ चे. मासळीचा अभ्यास करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने मिनिकॉयला ठाणे घातले आणि एस. जोन्स या शास्त्रज्ञाने १९५८ मध्ये तिथल्या जिवंत आमिषाच्या मासेमारीवर निबंध प्रसिद्ध केला. साडेसहाशे वर्षांच्या या हुन्नराला विद्येच्या दरबारात खुर्ची मिळाली, असे म्हणा. आणि याच सुमारास सरकारने ठरवले की बेटवाल्यांना एंजिनाच्या होड्या द्यायच्या. बेटांवरच होड्या बांधण्याचे कारखाने निघाले. लहान डिझेल एंजिन बसवलेली, सुमारे पंचवीस फुटी होडी. तिला पाब्लो म्हणत. किंमत हप्त्याने फेडायची, सरकारची सूटही होती.

एंजिनाचा फायदा उघड होता. वारा पडला तरी होडी अडत नाही, थवा दिसला की लवकर गाठता येतो, आणि वाटेत वेळ कमी जातो म्हणून आमिषही जास्त जगते. पण एंजिनाबरोबर नवी काळजी आली. होडी आखूड, आणि तिच्यात आता एंजिनही बसवायचे, आमिषाचा भोकांचा खणही ठेवायचा, पिछाडीला माणसे उभी राहायला फळीही हवी, आणि मासे ठेवायला जागाही. आडभिंत गळकी निघाली तर पाणी एंजिनात, आणि एंजिनाखालचे तेलकट पाणी आमिषात. तेलाचा तवंग खणात गेला की मासळी मेली. म्हणजे जुन्या तांडेलाने तपासायची ती भिंत आता दुप्पट महत्त्वाची झाली. यंत्राने जुने कसब हटवले नाही, उलट त्याच्यावरचा भार वाढवला.

आणि हे कसब अगत्ती, सुहेली, बित्रा अशा ठिकाणी जाणाऱ्या होड्यांना कोण देणार? तिथल्या तरुणांना समुद्राचे भय नव्हते, होडी हाकता येत होती. एंजिन चालू कसे करावे हे यंत्रज्ञाने काही दिवसांत शिकवले असते. पण आमिष कुठल्या प्रवाळाशी सापडते, किती दाटीने ठेवावे, किती मुठी फेकावे, काठीचा हिसका मनगटातून द्यावा की कमरेतून, हे कुठल्याही पुस्तकात नव्हते. ते मिनिकॉयच्या माणसांच्या हातात होते. मत्स्य खात्याने त्या वेळी एक शहाणपणाची गोष्ट केली. परदेशी तज्ज्ञाची वाट न पाहता मिनिकॉयचे मच्छीमार दुसऱ्या बेटांवर नेले आणि त्यांना शिकवायला लावले. चाचांचे मामा गेले ते असे.

मी कल्पना करतो तेव्हा मला तो सारा प्रसंग दिसतो. वाळूवर नवी कोरी होडी. एंजिनावर अजून कारखान्याचा रंग ताजा. भोवती पंचविशीतले मलयाळम बोलणारे तरुण. आणि मधे महल बोलणारा एक उतारवयाचा माणूस, ज्याची भाषा त्यांना धड कळत नाही, तो हाताने दाखवतो आहे: ही खुंटी अशी ठोका, जाळ्याचा कोपरा असा धरा, मासळीला बोट लावू नका. शाळेत न गेलेला माणूस तिथे मास्तर होता. आणि त्या तरुणांपैकी कोणाच्या बापाला ओडमची मालकी नाकारली गेली असेल, तर त्याच्या दृष्टीने ती सकाळ कशी असेल, ते आपणच ताडून पाहा.

ही शिकवणी फळली. अगत्तीसारखे बेट, जे या धंद्यात नव्हतेच, ते पुढे साऱ्या लक्षद्वीपमध्ये कुप्याच्या उत्पन्नात अग्रभागी आले. १९६० च्या आसपास काही शे टन असलेले उत्पन्न शतक संपेपर्यंत वर्षाला काही हजार टनांवर गेले. याचे श्रेय एंजिनाला देण्याची सवय आपल्याला आहे. पण एंजिन तर आपल्या देशात पुष्कळ ठिकाणी गेले आणि पुष्कळ ठिकाणी गंजून पडले. लक्षद्वीपमध्ये ते चालले, कारण त्याच्या आधी शिकवणारा माणूस पोचला होता.

इथे मला माझ्या आयुष्यातली एक गोष्ट सांगू द्या. मी तरुण असताना ज्या कारखान्यात होतो तिथे एक नवे परदेशी यंत्र आले. ज्या वृद्ध टर्नरच्या हाताखाली आम्ही दहा-बारा जण शिकलो, त्यांना त्या यंत्राच्या जवळ कोणी येऊ दिले नाही. त्यांना विचारले नाही, दाखवले नाही. आधी बाजूला बसवले आणि मग घरी पाठवले. तीन महिन्यांत यंत्रातून निम्मा माल नापास होऊ लागला. धातूचा आवाज ऐकून हत्यार बोथटले हे ओळखणारे कान त्या खात्यात उरले नव्हते. तेव्हा साहेबांची गाडी त्यांच्या चाळीच्या दाराशी आली. ते आले, आठवडाभर बसले, बिघाड दाखवून दिला, आणि रोजंदारीचे पैसे घेऊन परत गेले. पुन्हा नोकरीवर घ्या, अशी मागणी आम्ही केली, ती मान्य झाली नाही. मी युनियनच्या कामात पडलो तो त्या आठवड्यात. लक्षद्वीपची हकीकत वाचताना मला ते आठवले. तिथे सरकारने आमच्या साहेबांच्या उलट क्रम लावला: आधी जाणता माणूस, मग यंत्र.

परंतु मी सरकारची आरती ओवाळायला उभा नाही. क्रम बरोबर लागला तो होडी समुद्रात जाईपर्यंत. होडी परत आल्यानंतरची तयारी अपुरी राहिली. जुन्या रीतीत पकडलेल्या माशांचे वाटे पडत: होडीचा वाटा, तांडेलाचा वाटा, खलाशांचे वाटे. एंजिन आल्यावर वाटे पाडण्यापूर्वी डिझेलचा खर्च काढून ठेवावा लागतो. वारा फुकट होता, डिझेल फुकट नाही. मासा कमी आला त्या दिवशी खर्च वजा जाता हातात काय उरते, हे खलाशाच्या बायकोला विचारा. १९६९ मध्ये मिनिकॉयला डबाबंद मासे करण्याचा लहान कारखाना निघाला, ते चांगलेच झाले. तरी बहुतेक मासा मासमीन होऊनच व्यापाऱ्याच्या मार्फत मुख्य भूमीवर जात राहिला, आणि भाव ठरवणारा माणूस बेटावर राहत नव्हता. काथ्याच्या मक्तेदारीत भाव राजाने ठरवला. मासमीनचा भाव दूरच्या बाजाराने ठरवला. मधल्या काळात राज्य बदलले. वजनकाटा मात्र बेटवाल्याच्या हातात आला नाही.

शेजारच्या मालदीवचा दाखला इथे उपयोगी आहे. त्यांचा मासमीन मुख्यतः सिलोनला जाई. १९७१-७२ च्या सुमारास सिलोनने परकीय चलनाच्या तंगीमुळे आयात आखडली आणि त्या देशाचा कणाच मोडला. मग परदेशी गोठवणी जहाजे ताजा मासा समुद्रातच विकत घेऊ लागली, आणि १९७४ पासून तिथल्या धोणींवर एंजिने बसली. पुढे त्यांनी काठी-गळाची रीत सोडली नाही, उलट तिचाच डंका पिटला. एकेक मासा काठीने उचलणारी ही रीत समुद्र ओरबाडीत नाही, म्हणून २०१२ मध्ये त्यांच्या कुप्याला टिकाऊ मासेमारीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. तीच रीत, तोच मासा, तोच समुद्र आपल्याकडेही आहे.

आणि आता या धंद्याच्या मुळावरच नवे संकट आहे. आमिषाची मासळी प्रवाळात राहते. समुद्र तापला की प्रवाळ पांढरे पडून मरते. १९९८, २०१० आणि २०१६ या तीन साली लक्षद्वीपच्या प्रवाळावर हे संकट कोसळले. प्रवाळ मेले तर त्याच्या आसऱ्याची चिमुकली मासळी कमी होणार. आमिष नाही तर उत्तम एंजिन आणि उत्तम काठी घेऊन होडी किनाऱ्यावरच बसणार. चाचांनी पोरवयात जे शिकले तेच इथे पुन्हा खरे ठरते: सर्वांत दुबळा जीव वाचला तर सारी होडी तरते.

आपल्या इथेही यंत्रे येत आहेत, आणखी येतील. त्यांना अडवून उभे राहा, असे मी कोणाला सांगत नाही, आणि आमच्या संघटनेनेही तसे सांगितलेले नाही. माझे मागणे एवढेच आहे की नव्या यंत्राच्या तयारीची यादी कराल तेव्हा पहिल्या ओळीत त्या माणसाचे नाव लिहा ज्याला ते काम हाताने येते. त्याला मास्तर करा, त्याला मास्तराचा पगार द्या, आणि माल बाजारात गेल्यावर काट्यापाशी त्यालाही उभे करा. लक्षद्वीपमध्ये या तीन गोष्टींपैकी पहिली झाली आणि तेवढ्यावर एक अख्खा धंदा उभा राहिला. उरलेल्या दोन झाल्या असत्या तर काय झाले असते, याचा हिशेब आपण करावा.

चाचांच्या निधीचे पैसे अखेर मिळाले. निरोप घ्यायला आले तेव्हा त्यांनी पानात बांधलेला मासमीनचा एक तुकडा माझ्या टेबलावर ठेवला. काळा, दगडासारखा कडक. घरी आईने तो किसून कालवणात घातला, आणि आम्ही सर्वांनी वाटून खाल्ला.